विष्णुपंत गोविंद दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : पेण, १४ ऑक्टोबर १८९२, मृत्यू : ५ जुलै १९४५) हे मूकपट व बोलपट या दोन्ही कालखंडांत कार्यरत असलेले मराठी चित्रकार, तंत्रज्ञ, ध्वनिमुद्रक, दिग्दर्शक आणि निर्माते होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापक भागीदारांपैकी ते एक होत. शेख फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरविला गेला. दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव सर्वज्ञात आहे. मात्र ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटापासून प्रभातच्या ध्वनिविभागाची घडी त्यांनी बसवली, ही त्यांच्या कारकिर्दीची तुलनेने अपरिचित बाजू आहे. चित्रपटसृष्टीत ते ‘दामलेमामा’ या नावाने ओळखले जात.

पडद्यांच्या रंगकामापासून कॅमेऱ्यापर्यंत

दामले यांचा जन्म कोकणातील पेण येथे झाला. तरुणपणी ते कोल्हापूरला आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या चित्रशाळेत दाखल झाले. त्या काळी मराठी संगीत नाटक भरभराटीला आले होते व नाटक मंडळ्यांना राजवाडे, अरण्ये, नगरे यांचे रंगवलेले पडदे लागत. या पडद्यांसाठी पेंटर बंधूंची ख्याती होती. दामले यांचे पहिले शिक्षण असे रंग, छाया आणि परिप्रेक्ष्य यांचे झाले. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

आनंदरावांना चलच्चित्राचा ध्यास लागला होता. परंतु १९१६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. स्वदेशी कॅमेरा तयार करण्याचे त्यांचे स्वप्न बाबूरावांनी पुढे नेले आणि त्या खटपटीत दामले त्यांचे सहायक होते. भिंगामागून फिल्म थांबत थांबत पण अचूक अंतराने सरकली पाहिजे, दाते असलेली चाके एकमेकांत बिनचूक बसली पाहिजेत, झडप नेमक्या क्षणी उघडली पाहिजे, हे सारे कोल्हापुरात हाताने घडवायचे होते. यंत्र उघडून पाहावे, त्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते समजून घ्यावे आणि न जमल्यास नवा भाग करावा, ही दामले यांची पुढील आयुष्यातील कामाची रीत या कार्यशाळेत तयार झाली असे म्हणता येते.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. या कंपनीत दामले यांनी जवळजवळ प्रत्येक विभागात काम केले. तेथेच कागलचे शेख फत्तेलाल यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. फत्तेलाल ‘साहेबमामा’ आणि दामले ‘दामलेमामा’ ही जोडी पुढे आयुष्यभर टिकली. १९२८ मध्ये या दोघांनी ‘महारथी कर्ण’ हा मूकपट मिळून दिग्दर्शित केला.

प्रभात फिल्म कंपनी

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार होते. पहिल्या तीन वर्षांत ‘गोपाळकृष्ण’, ‘उदयकाल’, ‘चंद्रसेना’ आदी मूकपट कंपनीने काढले. दामले यांच्याकडे मुख्यतः तांत्रिक बाजू होती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि मूकपटांचा व्यवसाय वर्ष-दीड वर्षात ढासळू लागला. प्रभातपुढेही निवड उरली नाही. यंत्रे विकत मिळत होती, परंतु ती चालवणारा अनुभवी माणूस कोल्हापुरात नव्हता. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांनी स्वीकारली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते.

‘अयोध्येचा राजा’चा ध्वनी

राजा हरिश्चंद्राच्या कथेवर आधारलेला ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते; गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत होते व संगीतही टेंबे यांचेच होते. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला, म्हणजे बहुतेक प्रसंग दोनदा बोलून, गाऊन मुद्रित करावे लागले. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. ती भारतात १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ व ‘धूप छाँव’ या चित्रपटांपासून स्थिरावली. त्यापूर्वी नट-नट्या कॅमेऱ्यासमोरच गात, वादक चौकटीबाहेर बसत आणि सर्वांचा आवाज एकाच वेळी घेतला जाई. एखाद्याचा खोकला, पैंजणाची नको तेव्हा झालेली खणखण किंवा वाद्याचा जरा अधिक चढलेला सूर, यांपैकी काहीही नंतर पुसता येत नसे. सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागे आणि फिल्म महाग होती.

‘आलम आरा’ची कोणतीही प्रत आज उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र उपलब्ध आहे, त्यामुळे भारतीय बोलपटाच्या अगदी आरंभीचा ध्वनी कसा होता हे जाणून घेण्यासाठी अभ्यासकांना दामले यांच्या कामाकडेच वळावे लागते. आज ऐकू येणाऱ्या प्रतींवरून त्या कामाची पारख करताना मात्र सावध राहावे लागते. प्रतीवरून प्रत काढत गेल्याने आणि जुन्या फिल्मवर ओरखडे पडल्याने जो खरखराट ऐकू येतो, त्याचा मोठा भाग कालमानाने साचलेला आहे. तो मूळ मुद्रणाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

गुणगुण व तिचे मूळ

बोलपटाच्या पहिल्या वर्षांत ध्वनिमुद्रकाला दोन प्रकारच्या गोंगाटाशी झुंजावे लागे. एक हवेतून येणारा, दुसरा तारेतून येणारा. पहिला सर्वांना कळत असे. मुंबईत इम्पीरियल कंपनीच्या स्टुडिओजवळून रेल्वेमार्ग जात असल्यामुळे ‘आलम आरा’चे चित्रण गाड्या बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर करावे लागले होते. कॅमेऱ्याची घरघर हा तसाच त्रास होता. त्यासाठी कॅमेरा बंद खोक्यात ठेवीत किंवा त्याभोवती जाड आच्छादन घालीत.

दुसरा गोंगाट अधिक फसवा होता, कारण तो चित्रीकरणाच्या जागी कोणालाच ऐकू येत नसे. ध्वनिमुद्रकाच्या कानाला लावलेल्या यंत्रातच तो प्रकट होई. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युतप्रवाह अतिशय क्षीण असतो. फिल्मवर उमटण्यापूर्वी तो व्हॉल्व्हच्या एकामागून एक अशा अनेक टप्प्यांतून हजारो पटींनी वाढवावा लागे. गायकाचा सूर वाढे, तशी पहिल्या टप्प्यात शिरलेली प्रत्येक अशुद्धीही तितक्याच पटींनी वाढे. या अशुद्धीचे मुख्य उगमस्थान म्हणजे व्हॉल्व्हना पुरवली जाणारी वीज.

व्हॉल्व्हला स्थिर, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. घरात वा कारखान्यात येणारी प्रत्यावर्ती वीज भारतात सर्वसाधारणपणे सेकंदाला ५० आवर्तने करते. ती एकदिश केली तरी सपाट होत नाही. तिच्यात सेकंदाला १०० उंचवटे राहतात आणि ते ध्वनिवर्धकातून खर्जातील अखंड गुणगुणीच्या रूपाने ऐकू येतात. त्यामुळे आरंभीच्या काळात अनेक ध्वनिमुद्रक बॅटऱ्यांवर विसंबून राहत. बॅटरीचा प्रवाह जात्याच शांत असतो. पण बॅटऱ्या जड असतात, त्यांना वारंवार चेतवावे लागते, त्यांतील आम्ल सांडते आणि टोकांवर क्षार साचला की शांत प्रवाहातही चरचर उमटू लागते.

मेन्सची वीज वापरायची तर ती गाळून घ्यावी लागे. यासाठी चोक आणि कंडेन्सर या दोन भागांची गाळणी वापरत. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला तिचे कार्य मोटेच्या विहिरीवरून चटकन समजेल. मोट एकदम भरून येते आणि एकदम रिकामी होते, तरी थारोळ्यात पाणी साठत असल्यामुळे पुढे पाटाला धार बऱ्यापैकी संथ लागते. कंडेन्सर हे विजेचे थारोळे होय. चोकचे काम जात्याच्या जड तळीसारखे असते. एकदा फिरू लागलेली तळी हाताच्या प्रत्येक झटक्याबरोबर वेग बदलत नाही. तसाच चोक प्रवाहातील अचानक बदलाला विरोध करतो. दोन्ही एकापुढे एक जोडले आणि पुरेशा आकाराचे असले म्हणजे उंचवटे जवळजवळ नाहीसे होतात.

स्टुडिओतील प्रकाशामुळे याच प्रश्नाला आणखी एक फाटा फुटे. मूकपटात वापरले जाणारे कार्बनचे आर्क दिवे डायनामोच्या एकदिश विजेवर चालत. डायनामोच्या कम्युटेटरवर ब्रश एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर सरकताना प्रवाहात बारीक लहरी उठत आणि आर्कची ज्योत त्या लहरींबरोबर शिटी घालू लागे. मूकपटात याची कोणाला फिकीर नव्हती. बोलपटात मात्र नायिकेच्या संवादामागे ही शिटी स्पष्ट ऐकू आली. अमेरिकेतील स्टुडिओंनी यावर दोन तोडगे काढले. एक, शांत जळणारे तंतुदीप. दुसरा, डायनामोपासून दिव्यांकडे जाणाऱ्या तारांत मोठे चोक व कंडेन्सर बसवणे. कॅमेऱ्यासमोरचा दिवा आणि ध्वनिमुद्रकाचे यंत्र हे दोन वेगळे विभाग वाटत असले, तरी दोहोंचा दोष एकाच तारेत सापडे.

दोष शोधण्याची रीत त्या काळापासून आजवर फारशी बदललेली नाही. प्रथम मायक्रोफोन बंद करून ऐकायचे. गुणगुण तशीच राहिली तर ती हवेतून येत नाही हे निश्चित होते. मग शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करून एकेका व्हॉल्व्हचे प्रवेशद्वार जमिनीशी जोडत मागे मागे यायचे. शेवटचे प्रवेशद्वार बंद केले की गुणगुण थांबते. म्हणजे ती त्याच्या अलीकडून येते. असे करता करता ज्या टप्प्याचे प्रवेशद्वार बंद करूनही गुणगुण कायम राहते, तेथे किंवा त्याच्या लगत दोष असतो. सुराची उंचीही वाट दाखवते. सेकंदाला ५० कंपनांचा सूर बहुधा व्हॉल्व्हच्या तापक तंतूतून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय प्रभावातून किंवा दोन ठिकाणी जमिनीशी जोडलेल्या तारांच्या वेटोळ्यातून येतो. १०० कंपनांचा सूर असेल तर एकदिशीकरणानंतरची गाळणी अपुरी आहे किंवा तिचा कंडेन्सर वाळला आहे असे समजावे. अनेक टप्पे एकाच पुरवठ्यावर असले आणि त्यांच्यामध्ये स्वतंत्र रोध व कंडेन्सर नसले, तर शेवटच्या टप्प्याची ओढ पहिल्याला जाणवते आणि यंत्र मोटारबोटीसारखे फटफटू लागते. यांवरचे उपायही साधे आहेत : ट्रान्सफॉर्मर दूर न्यावा, चोक त्याच्याशी काटकोनात बसवावा, सर्व जमिनी एकाच बिंदूला जोडाव्यात, प्रत्येक टप्प्याला स्वतःची छोटी गाळणी द्यावी.

१९२० च्या दशकात हौशी रेडिओकार आपली मंडले पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून जुळवीत. इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी आज ज्या भोकांच्या प्लॅस्टिकच्या पाटीवर ध्वनीची मंडले जुळवतात, तिला ‘ब्रेडबोर्ड’ हे नाव तेथूनच मिळाले आहे. व्हॉल्व्हची जागा आता बोटाच्या पेराएवढ्या चकतीने घेतली आहे, परंतु गुणगुण तीच आहे. तिच्यावर चकतीच्या अगदी जवळ बसवलेला लहान कंडेन्सर आणि पुरवठा जेथे पाटीत शिरतो तेथे बसवलेला मोठा कंडेन्सर हाच पहिला उपाय आहे.

फिल्मवर ध्वनी प्रकाशाच्या पट्टीने नोंदला जात असल्यामुळे ध्वनिमुद्रकाचे काम प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत असे. फिल्मचा कण, तिच्यावरील धूळ, रसायनात धुण्याचा कालावधी या साऱ्यांनी शांत जागी फसफस वाढे. म्हणून १९३०–३१ च्या सुमारास आवाज नसताना पट्टीचा पारदर्शक भाग आपोआप अरुंद करण्याची युक्ती परदेशात निघाली. चित्रकलेतून आलेल्या दामले यांना रसायनशाळा परकी नव्हती. एकाच माणसाला कॅमेरा, प्रकाश, रसायन आणि आवाज ही चारही अंगे ठाऊक असणे, हे प्रभातला मिळालेले भाग्य होते.

पुण्यातील स्टुडिओ

१९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास स्थलांतर केले. एरंडवण्याच्या माळावर उभारलेला स्टुडिओ त्या काळच्या आशियातील मोठ्या स्टुडिओंत गणला जाई. तेथील पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ या आधीच्या बोलपटांतून तयार झालेला ध्वनिविभाग येथे अधिक प्रशस्त जागेत आला. हळूहळू दामले यांनी हे काम आपल्या हाताखालच्या मंडळींकडे सोपवले. ‘संत तुकाराम’चे ध्वनिमुद्रण शंकर दामले यांच्या नावावर आहे.

या विभागाची खरी परीक्षा ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात झाली. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत न वापरता केवळ प्रसंगातील नैसर्गिक आवाजांवर भर दिला. घड्याळाची टिकटिक, पावले, दार लोटल्याचा आवाज यांनी जरठ-कुमारी विवाहाची घुसमट उभी केली. चित्रपटाला सलग संगीत असले की यंत्राची बरीचशी गुणगुण त्याखाली झाकली जाते. संगीत काढून घेतल्यावर शांततेला आडोसा राहत नाही. ‘कुंकू’ची चर्चा दिग्दर्शकाचे धाडस आणि शांता आपटे यांचा अभिनय यांभोवती होते, ते योग्यच आहे. परंतु ज्या स्टुडिओत घड्याळाची टिकटिक निर्भेळ मुद्रित करता येत नाही, तेथे असा चित्रपट योजताच आला नसता.

‘संत तुकाराम’ आणि इतर दिग्दर्शित चित्रपट

दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि एकाच ठिकाणी वर्षाहून अधिक काळ चालला. पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे आणि गीते शांताराम आठवले यांची होती. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा नट तुकाराम म्हणून शोभेल का, अशी शंका आधी घेतली गेली होती. जिजाईच्या भूमिकेतील गौरी यांनी संसाराचा राग, थकवा आणि माया इतक्या सहजतेने दाखवली की चित्रपट भक्तिपटाच्या ठरीव साच्यात अडकला नाही.

चमत्कारांची दृश्ये ही दामले यांच्या यंत्रकौशल्याची बाजू होय. नदीतून वर येणारी वह्यांची गाठोडी, आकाशातून पडणारे धान्य, शेवटचे वैकुंठगमन ही दृश्ये कॅमेऱ्याच्या करामतींनी साधली आहेत, तरी ती करामत म्हणून मिरवत नाहीत. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत ‘संत तुकाराम’ची निवड झाली.

याच जोडीने ‘गोपालकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे चित्रपट दिग्दर्शित केले. ‘संत सखू’ (१९४१) मध्ये त्यांच्यासोबत राजा नेने होते.

गावोगावच्या तंबूंत

पुणे व कोल्हापूर यांना जोडणारा मार्ग सातारा, उंब्रज, कराड असा जातो. कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या काठचे उंब्रज हे समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एकाचे गाव. कीर्तन, भजन आणि जत्रा यांवर पोसलेल्या या पट्ट्यातील गावांना ‘संत तुकाराम’ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. शहरांतील चित्रपटगृहांत पहिली धाव संपल्यानंतर तो अनेक वर्षे फिरत्या सिनेमांच्या तंबूंतून ग्रामीण महाराष्ट्रात दाखवला जात होता.

बहुतेक गावांत तेव्हा वीज पोहोचलेली नव्हती. तंबूमागे ठेवलेल्या ऑईल इंजिनावर डायनामो चाले आणि त्यावर प्रोजेक्टर व ध्वनिवर्धक. स्टुडिओत काळजीपूर्वक दूर ठेवलेली गुणगुण येथे पुन्हा प्रवेश करी. फिल्मवरील ध्वनिपट्टी वाचणारा लहान दिवा प्रत्यावर्ती विजेवर लावला तर त्याचा प्रकाशच सेकंदाला १०० वेळा लहरतो आणि ती लहर आवाज म्हणून ऐकू येते. म्हणून या दिव्याला स्थिर, एकदिश वीज देण्याची पद्धत होती. प्रकाशविद्युत घटापासून ध्वनिवर्धकापर्यंतची तार लांब वा उघडी राहिली, तर तीही इंजिनाजवळची प्रत्येक ठिणगी टिपत असे. एका सिलिंडरच्या इंजिनाचा प्रत्येक ठोका विजेत उमटे, दिवा किंचित उजळे-मंदावे. अशा पुरवठ्यावर पागनीसांचे अभंग ऐकणाऱ्या पिढीला यात काही उणे वाटले नसावे, परंतु मूळ मुद्रणात पुरेसा स्वच्छ आवाज साठवलेला नसता, तर इंजिनाच्या या आवाजात शब्द हरवले असते. ज्यांना वाचता येत नव्हते अशा प्रेक्षकांसाठी शब्द ऐकू येणे हेच सर्वस्व होते. मूकपटातील अक्षरांच्या पाट्या त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागत.

अखेरची वर्षे

१९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. कंपनीचा भार उरलेल्या भागीदारांवर आला. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा या काळातील प्रभातचा उल्लेखनीय चित्रपट होय. ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी दामले यांचे निधन झाले. त्यानंतर प्रभातला जुने दिवस दिसले नाहीत आणि १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. शेख फत्तेलाल १९६४ मध्ये निवर्तले.

दामले मितभाषी होते. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. शांताराम यांचे विस्तृत आत्मचरित्र उपलब्ध असल्यामुळे प्रभातचा इतिहास बराचसा त्यांच्या नजरेतून सांगितला गेला. त्यात ध्वनिविभागासारख्या पडद्यामागील कामाला स्वाभाविकपणेच कमी जागा मिळाली. शिवाय श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रकाचे नाव येते तेव्हा प्रेक्षक अजून आसने शोधत असतात.

स्मृती

दामले यांच्या जीवनावरील ‘विष्णुपंत दामले : बोलपटांचा मूक नायक’ या माहितीपटाला २०११ या वर्षासाठीचा चरित्रपट विभागातील राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रभातचे अनेक चित्रपट दामले कुटुंबीयांच्या प्रयत्नांमुळे जतन झाले व पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले. पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये शासनाने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. तीच आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था होय. तेथील अभ्यासक्रमात दिग्दर्शन व छायालेखनाबरोबर ध्वनिमुद्रण हाही स्वतंत्र विषय आहे आणि प्रभातच्या काळातील चित्रीकरणगृहे तेथे अद्याप उभी आहेत.